दगडाला साक्षीला बोलवा, पण त्याच्या तोंडी आपलं बोलणं घालू नका

"येशू देव असल्याचा पुरावा सापडला, शास्त्रज्ञही थक्क, आमेन लिहून दहा जणांना पाठवा." इस्रायलमधल्या मेगिद्दोला निघालेल्या जुन्या फरशीचा फोटो आणि खाली हा मजकूर, असा मेसेज आमच्या चर्चच्या ग्रुपवर अजूनही अधूनमधून येतो, आणि खाली पन्नास आमेन पडतात. फोटो खरा आहे, फरशी खरी आहे, तिच्यावर जे लिहिलंय तेही खरं आहे. फक्त मेसेज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे आपण ख्रिस्ती लोकांनीच बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण बाहेरचा कोणी बोलला की आपण लगेच दुखावतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जमिनीतून निघालेली वस्तू आपली श्रद्धा सिद्ध करत नाही, तिच्याकडून ती अपेक्षा करूही नये. ती आपल्याला श्रद्धा ठेवणारी माणसं दाखवते, ती कशी जमायची, काय खायची, कोणाचं नाव घ्यायची, कशाला घाबरायची हे दाखवते, आणि ते बघून आपल्यालाच चार प्रश्न पडायला हवेत. ते सोडून आपण त्या वस्तूला नास्तिकाच्या डोक्यात हाणायचा दगड करतो. त्यात वस्तूचंही नुकसान आणि आपलंही.

आधी ती फरशी नीट बघू. 2005 साली उत्तर इस्रायलमधल्या मेगिद्दो तुरुंगाच्या आवारात बांधकाम काढायचं होतं, तिकडचा कायदा असा की आधी उत्खनन करून मग पाया घालायचा, म्हणून पुरातत्त्व विभागाचे योताम टेपर तिथे खणत होते आणि खणायला हाताखाली तुरुंगातले कैदीच होते. तिथे एका मोठ्या घरातल्या दालनाची मोझेकची जमीन निघाली. रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनची, म्हणजे पलटणीची छावणी जवळच होती, आणि हे गाव, कफर ओथनाई, ज्यू आणि शोमरोनी (समॅरिटन) लोकांचं. फरशीत मधे माशांचं चित्र आहे आणि ग्रीक भाषेत तीन लेख आहेत. टेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ धरलाय साधारण इसवी सन 230, काही अभ्यासक तो आणखी अलीकडे ओढतात, तो वाद आहे आणि असू दे.

पहिल्या लेखात म्हटलंय की गायानुस, ज्याला पोर्फिरियुसही म्हणतात, तो शताधिपती, आमचा भाऊ, त्याने स्वतःच्या पैशाने ही फरशी करून दिली, आणि काम ब्रूतियुसने केलं. दुसऱ्यात चार बायकांची नावं, प्रिमिल्ला, किरियाका, दोरोथेया आणि ख्रेस्ते, यांची आठवण ठेवा एवढंच. तिसरा लेख म्हणतो की देवावर प्रेम करणाऱ्या अकेप्तूसने हे मेज देव येशू ख्रिस्ताला स्मरणार्थ अर्पण केलं. ही अकेप्तूसही बाईच. आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे जी फोटो मोठा करून बघितल्याशिवाय दिसत नाही, देव, येशू आणि ख्रिस्त हे तिन्ही शब्द पूर्ण लिहिलेलेच नाहीत, प्रत्येकाची दोन-दोन अक्षरं घेतलीत आणि त्यांच्यावर आडवी रेघ मारलीय. जुन्या ख्रिस्ती हस्तलिखितांमध्ये पवित्र नावं अशीच लिहायची पद्धत होती. म्हणजे पुस्तकात लिहायची रीत ब्रूतियुससारख्या कारागिराने छोट्या छोट्या दगडी तुकड्यांत बसवली.

आता यातून काय सिद्ध होतं? एक गोष्ट नक्की होते, आणि ती लहान नाही. आपल्याकडे इंटरनेटवर एक दावा खूप फिरतो की 325 साली निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव बनवलं, कॉन्स्टंटाइन सम्राटाने राजकारणासाठी केलं, त्याआधी तो फक्त एक गुरू होता. हे ठामपणे सांगणारी शिकलेली माणसं मला भेटलीत. मेगिद्दोचं मेज हा दावा खोडून काढतं, कारण परिषदेच्या नव्वद-पंचाण्णव वर्षं आधी एका रोमन छावणीशेजारी कुणीतरी बाई येशूला सरळ देव म्हणून आपल्या पैशाने मेज देतेय, आणि तिला असं म्हणायला कुठल्या सम्राटाने सांगितलेलं नाही. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी, 112 च्या आसपास, धाकटा प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राट त्रायानला पत्र लिहून कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात. तेव्हा मतदानाची गोष्ट निकालात निघाली.

पण इथेच थांबायचं. अकेप्तूस येशूला देव मानत होती, हे फरशी सांगते. येशू देव आहे, हे ती कशी सांगेल? ते सांगायची ताकद कुठल्याच फरशीत नाही. या दोन वाक्यांमधली फट आपण मेसेजमध्ये गपकन बुजवून टाकतो आणि तिथेच समोरच्या विचारी माणसाचा आपल्यावरचा विश्वास उडतो, मग आपण खरं बोललो तरी तो ऐकत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या फटीच्या अलीकडेच एवढं काही पडलंय की पलीकडे उडी मारायची घाई कशाला. गायानुस घ्या. शताधिपती म्हणजे रोमन फौजेतला अधिकारी, ज्या फौजेने येशूला खिळलं तीच फौज. देकियुस सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा मांडलेला छळ 250 ला सुरू झाला, म्हणजे वीसेक वर्षांवर येऊन ठेपला होता, आणि हा माणूस आपलं नाव, हुद्दा सगळं जमिनीत कोरून ठेवतो, आणि बाकीचे त्याला भाऊ म्हणतात. तलवार बांधणाऱ्याला ख्रिस्ती होता येतं का यावर त्या काळात ख्रिस्ती लेखक भांडत होते, आणि इथे तो माणूस सगळ्यांबरोबर मेजाला बसतोय. त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला असेल? सोडवला तरी असेल का? मी यावर खूप विचार करते.

मग त्या बायका. एका खोलीत तीन लेख, त्यात पाच बायकांची नावं, आणि खोलीच्या मधोमध जे मेज होतं, ज्याच्याभोवती प्रभुभोजन व्हायचं असं अभ्यासक मानतात, ते एका बाईचं दान. आता आपल्या चर्चमध्ये भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचा. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सुपुत्रांकडून." सण आला की शंभर माणसांचा स्वयंपाक, वेदीवरची फुलं, झाडलोट, संडे स्कूल, सगळं बायका करतात आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या यादीत त्यांची नावं शोधावी लागतात. अठराशे वर्षांपूर्वीची ती फरशी मला देवाबद्दल नवीन काही सांगत नाही, पण माझ्या चर्चबद्दल खूप काही विचारते, आणि हा प्रश्न आमेन लिहून पुढे पाठवता येत नाही.

दुसरी जागा सीरियातली, युफ्रेटिस नदीच्या काठावरचं दुरा-युरोपोस. तिथे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीच्या उत्खननात एक घर सापडलं, सध्याच्या माहितीप्रमाणे नक्की ख्रिस्ती प्रार्थनाघर म्हणता येईल असं हे सर्वात जुनं घर. ते टिकलं कसं तेही बघण्यासारखं आहे. इराणच्या सासानी फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा रोमन शिपायांनी तटाला आतून आधार म्हणून तटालगतची घरं मातीने भरून टाकली. 256 च्या सुमारास शहर पडलं ते पडलंच, परत वसलं नाही, आणि ती माती भिंतींवरच्या चित्रांना कवटाळून राहिली.

घर म्हणजे अगदी साधं, मधे अंगण, भोवती खोल्या. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी मोठी खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. कुंडावर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ. बाजूच्या भिंतीवर पक्षघाती माणसाची गोष्ट आहे, एकाच चित्रात दोनदा, आधी तो बाजेवर पडलाय आणि मग तीच बाज उलटी पाठीवर घेऊन चालत सुटलाय, बाजेच्या दोऱ्यांची जाळीसुद्धा चित्रकाराने काढलीय. आपल्या मराठी बायबलात "ऊठ, आपली बाज उचल" असं आहे ना, अगदी तेच. चित्रकार काही फार मोठा नव्हता, हात पाय जरा वेडेवाकडेच आहेत. पण बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या माणसाला आत शिरल्यावर हे दिसायचं, मेंढपाळ, उठून चालणारा रोगी, पाण्यावरून चालणारा येशू आणि कबरेकडे निघालेल्या बायका. वधस्तंभाचं चित्र जे सापडलंय त्यात कुठेच नाही. आपल्याकडे क्रूसाशिवाय चर्चची कल्पनाच होत नाही, आणि या लोकांनी पाण्यात उतरणाऱ्याला धीर द्यायला बरं झालेला माणूस दाखवला. हे माझ्यासाठी कुठल्याही पुराव्यापेक्षा मोठं आहे, कारण आपल्या प्रार्थनेत काय आधी येतं आणि काय मागे राहतं याचा मी यानंतर नव्याने विचार केला.

त्याच तटालगत, थोड्याच अंतरावर, चित्रांनी भरलेलं ज्यूंचं सभास्थान निघालं आणि मिथ्र देवाचं देऊळही. म्हणजे ख्रिस्ती लोक भुयारात लपूनछपून राहत होते हे जे आपण लहानपणापासून ऐकतो ते निदान या गावाला लागू पडत नाही, ते शेजारपाजाराबरोबर नांदत होते.

आणि सापडलेली वस्तू नेहमी आपल्या मनासारखं बोलते असंही नाही. 2018 साली जर्मनीत फ्रँकफर्टला, निदा या रोमन शहराच्या दफनभूमीत, एका पुरुषाच्या सांगाड्याच्या हनुवटीखाली चांदीची बारीक पुंगळी सापडली, आत चांदीचा पातळ पत्रा गुंडाळलेला. तो उलगडला असता तर तुकडे झाले असते, म्हणून माइन्झच्या संस्थेत स्कॅन करून कॉम्प्युटरवर उलगडला आणि डिसेंबर 2024 मध्ये वाचन जाहीर झालं, लॅटिनच्या अठरा ओळी. पवित्र, पवित्र, पवित्र. देवाचा पुत्र येशू ख्रिस्त याच्या नावाने. आणि शेवटी फिलिप्पैकरांच्या पत्रातले शब्द, स्वर्गात, पृथ्वीवर आणि पृथ्वीखाली प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल. कबर 230 ते 270 मधली, म्हणजे आल्प्सच्या उत्तरेला ख्रिस्ती माणसाचा इतका जुना पुरावा दुसरा नाही.

ही बातमीही ग्रुपवर आली, आमेनही पडले. पण ही वस्तू काय आहे हे कोणी बोललं नाही. हा ताईत आहे. गळ्यात बांधलेला, संकटापासून राखण करायला, पत्र्यावर मंत्रासारखे शब्द लिहून गुंडाळलेला ताईत. आपल्या कितीतरी मंडळ्यांमध्ये ताईत बांधणाऱ्याला सगळ्यांदेखत उभं करून तो कापायला लावतात, ही अंधश्रद्धा, हा सैतानाचा मार्ग म्हणतात, आणि इकडे पावणेअठराशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताचं नाव ताइतात घालून पुरला गेलाय. ताईत बांधा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या गळ्यातली वस्तू पुरावा म्हणून मिरवायची आणि ती काय आहे हे लपवायचं, हे प्रामाणिक नाही. पहिल्या शतकांतली मंडळी म्हणजे सगळं शुद्ध आणि आपल्यासारखंच, हे चित्र आपण मनाने रंगवलंय. ती माणसं भीत होती, जुन्या सवयी घेऊन आली होती, जे हाताशी होतं त्यातून विश्वास जगत होती, आणि मला ती त्यामुळे जास्त जवळची वाटतात.

पुराव्याची ही भूक कुठे नेते तेही बघा. 2002 मध्ये एक दगडी अस्थिपेटी जगासमोर आली, तिच्यावर अरामी भाषेत "याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ". कुठून आली? पुराणवस्तू गोळा करणाऱ्या एका माणसाच्या संग्रहातून, कुठल्या कबरेतून निघाली याचा पत्ता नाही. वर्षानुवर्षं खटला चालला, 2012 ला त्याची बनावटगिरीच्या आरोपातून सुटका झाली आणि न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की याचा अर्थ लेख अस्सल आहे असा नाही. त्याच वर्षी "येशूची पत्नी" असा उल्लेख असलेला पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाचा तुकडा गाजला, तो पुढे खोटा निघाला. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे, म्हणजे बायबलच्या फार जुन्या हस्तलिखितांचे म्हणून घेतलेले 16 तुकडे होते, 2020 मध्ये तपासणीचा निष्कर्ष आला की सगळेच्या सगळे बनावट, जुन्या चामड्यावर हल्लीच लिहिलेले. तो संग्रह उभा करणारी हॉबी लॉबी कंपनी इराकमधून चोरट्या मार्गाने आलेल्या हजारो वस्तूंच्या प्रकरणात आधीच, 2017 मध्ये, 30 लाख डॉलर भरून बसली होती. ही माणसं श्रद्धेच्या विरोधातली नव्हती, बायबलवर त्यांचं प्रेम होतं. पुरावा हवाच असा हट्ट धरला की तो पुरवणारा बाजारात उभाच असतो.

आणि या बाजाराला माल लागतो तो कुठून तरी खणूनच येतो. सीरियाच्या युद्धात दुरा-युरोपोसला जे झालं त्याचे उपग्रहाचे फोटो आहेत, तटाच्या आतली जमीन हजारो खड्ड्यांनी चाळणीसारखी झालीय. चोर खणतो तेव्हा वस्तू निघते पण ती कुठल्या थरात होती, कशाशेजारी होती, कोणत्या नाण्याबरोबर होती हे कायमचं जातं. मेगिद्दोच्या लेखाला जे वजन आहे ते तो जागेवर, मोजमाप घेऊन निघाला म्हणून आहे. तोच तुकडा कापून लिलावात आला असता तर आज कोणी ठामपणे काही म्हणू शकलं नसतं. म्हणूनच 2024 मध्ये ती फरशी उचलून त्याच वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये मांडली तेव्हा काही पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला तो मला पटला. इतक्या लोकांनी बघितली हे चांगलंच झालं, नाकारत नाही. पण शेजारी छावणी, खाली गाव, भोवती ज्यू आणि शोमरोनी शेजारी, यांच्यामधून उचललेली फरशी काचेपलीकडच्या दिव्यात फक्त "पुरावा" उरते.

आपल्या देशाकडेही एकदा बघू, कारण इथे हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज आणि इंग्रजांबरोबर आला, तुम्ही परके, असं ऐकवलं जातं, आणि मग आपण लगेच येशूचा शिष्य संत थॉमस इसवी सन 52 मध्ये केरळात आला हे सिद्ध झालेलं असल्यासारखं सांगतो. ती परंपरा जुनी आहे, केरळच्या ख्रिस्ती लोकांनी ती जिवापाड जपलीय आणि मला तिचा आदर आहे. पण पहिल्या शतकातली ख्रिस्ती वस्तू तिथे अजून निघालेली नाही. केरळातल्या पट्टणमच्या उत्खननात रोमशी व्यापाराचे ढीगभर पुरावे आहेत, मद्याचे रांजण आहेत, ते थॉमस येऊ शकला असता एवढंच दाखवतात. गोंडोफर्नीस राजाचंही तसंच, थॉमसच्या जुन्या कथेतला हा राजा काल्पनिक समजत होते, एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी वायव्येकडे सापडली आणि राजा खरा ठरला. राजा खरा ठरला, कथा नाही.

जे नक्की आहे तेही कमी नाही. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा व्यापारी लिहून ठेवतो की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि "कल्लियाना" इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. चेन्नईचा सेंट थॉमस माउंट, कोट्टायम, आणि 2001 मध्ये गोव्यात आगशीजवळ झुआरीच्या काठी फादर कॉस्मे कोस्टा यांना मिळालेला क्रूस, या सगळ्यांवर पहलवी लिपीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत लेख आहेत. 849 सालच्या कोल्लमच्या ताम्रपटात चेर राजाच्या हाताखालच्या वेणाडच्या अधिपतीने एका चर्चला जमीन आणि हक्क दिलेत आणि साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अक्षरांत आहेत. पोर्तुगीज यायच्या साडेसहाशे वर्षं आधी मुसलमान, पारशी आणि ज्यू व्यापारी एका चर्चच्या दानपत्राला साक्षीदार! हे एवढं हातात असताना न सापडलेल्या गोष्टीला सापडली म्हणायची गरज काय?

आणि समजा यातलं काहीच नसतं तरी काय बिघडलं असतं? नगर जिल्ह्यातल्या माझ्या पणजोबांनी एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला. या देशात उभं राहायला त्यांना पहलवी क्रूसाची चिठ्ठी लागत नाही, ते इथल्याच मातीत राबले आणि इथेच पुरले गेले. जुनं असणं हा नागरिक असण्याचा किंवा खरा विश्वासू असण्याचा निकष आपणच मान्य केला तर उद्या कालच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आपण कुठे बसवणार?

कोणी म्हणेल, पण कॉलेजातली पोरं येशू झालाच नाही असले व्हिडिओ बघून हादरतात, त्यांना काहीतरी ठोस द्यायला नको का. द्या ना, जरूर द्या. 1961 मध्ये इस्रायलमधल्या कैसरियात निघालेला, येशूला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताच्या नावाचा दगड द्या, 1968 मध्ये यरुशलेमजवळ निघालेलं, खिळा आरपार गेलेलं टाचेचं हाड द्या, रोमच्या पॅलटाइन टेकडीवरचं ते रेखाटन द्या ज्यात कुणीतरी क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस काढून खाली "अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय" असं लिहून टवाळी केलीय. पण देताना काय सांगितलं जातंय आणि काय नाही हे दोन्ही द्या. ते हाड येशूचं नाही, यहोहानान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं आहे, सुळावर दिलेल्याला नीट पुरलं जाऊ शकायचं हे त्यातून कळतं, बस. ज्या पोराला आपण हे असं प्रामाणिकपणे दिलं ते पुढचा व्हिडिओ बघून कोसळत नाही. ज्याला फुगवून दिलं त्याच्या हातात पहिल्यांदा खोटं सापडलं की ते सगळंच सोडून देतं, अशी पोरं मी बघितली आहेत आणि त्यांचा मला राग येत नाही.

आता आपल्याकडून दरवर्षी पवित्र भूमीच्या टूर निघतात, वसईहून, पुण्याहून, मुंबईहून, युद्ध नसलं की बसच्या बस भरतात. यरुशलेमच्या गल्ल्यांत पुराणवस्तूंची परवाना असलेली दुकानं आहेत, तिथे येशूच्या काळातली मातीची पणती, विधवेने दानपात्रात टाकलेल्या टोलीसारखं नाणं, सर्टिफिकेटसकट विकायला असतं, आणि आपली माणसं भक्तीने घेतात. त्यातलं काही नकली असतं, आणि जे अस्सल असतं त्यातलं बरंचसं कुठली तरी जागा उकरून आलेलं असतं. ते घेऊ नये. फादर आणि पास्टर लोकांनी टूरच्या आधी पासपोर्ट, औषधं, आरामशीर चपला यांची जी यादी ग्रुपवर टाकायची असते त्यातच ही सूचनाही टाकावी, आणि बसमध्ये मेगिद्दोच्या अकेप्तूसचं नाव एकदा तरी घ्यावं.